‘नुसतं जेल लावते, औषध घेत नाही’: गुडघेदुखीचं एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. औषधांच्या काउंटरमागे काम करताना अशा कहाण्यांचे तुकडे सतत कानावर पडतात. त्यातले नेहमीचे तुकडे जोडून हा रुग्ण उभा केला आहे. औषधं, त्यांची प्रमाणं आणि धोके मात्र खरे आहेत.

रुग्ण आणि आधीची स्थिती

बाईंचं वय ६८. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, उजवा जास्त त्रास देणारा. हृदयाचे ठोके अनियमित पडतात (एट्रियल फिब्रिलेशन), म्हणून काही वर्षं वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान राहावा, असं उद्दिष्ट. मागच्या तपासणीत तो २.४ होता. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी. दमा नाही, पोटात अल्सर झालेला नाही, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नाही.

वॉरफरिन सुरू झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की दुखण्याची गोळी परस्पर घ्यायची नाही. बाईंनी ते कसोशीने पाळलं. पुढे जे घडलं ते बेफिकीर माणसाच्या बाबतीत घडलेलं नाही, सांगितलेलं तंतोतंत ऐकणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडलं आहे.

काय घडलं

घर बदलायचं होतं. खोकी भरणं, उचलणं, जिने चढणं-उतरणं यात गुडघे सुजले नाहीत, पण ठणकायला लागले. सोबत कंबर आणि खांदे आखडले. घरात एक जेल होतं. डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के, अशी त्यातली घटकांची यादी. बाई बोटावर चण्याएवढं जेल घेऊन सकाळ-संध्याकाळ दोन्ही गुडघ्यांना लावत आणि जिरेपर्यंत जोरजोरात चोळत. जोडीला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा. ही गोळी चालते, असं त्यांना डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं.

तीन दिवसांत फरक पडला नाही. मग कुणीतरी एक ‘कडक’ बाम आणून दिला. त्यात मिथाइल सॅलिसिलेट ३० टक्के. तो गुडघ्यांना, कमरेला, दोन्ही खांद्यांना, दिवसातून तीन-चार वेळा लावणं सुरू झालं. छान जळजळ व्हायची, त्यामुळे औषध आत पोचतंय असं वाटायचं. दगदगीत जेवण निम्म्यावर आलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

नवव्या रात्री उजव्या गुडघ्याला आधी जेल, त्यावर बाम, त्यावर घट्ट क्रेप बँडेज आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी, असा थरावर थर चढला. पिशवी तशीच ठेवून बाईंना झोप लागली. सकाळी बँडेज सोडलं तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला साधारण तीन सेंटिमीटरचा पाण्याचा फोड आणि भोवती लालभडक कातडी. लाली बँडेजच्या कडेपाशी सरळ रेषेत थांबलेली. आंघोळीच्या वेळी दंडावर आणि मांडीवर काळे-निळे डागही दिसले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं.

तपासणी

दवाखान्यातला पहिला संवाद साधारण असा:

‘काकू, सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत?’

‘रक्त पातळ करायची एक, बीपीची एक. आणि हल्ली पॅरासिटामॉल. बाकी काही घेत नाही हो मी. दुखण्याची गोळी तर तुमच्याच डॉक्टरांनी बंद केलीय.’

‘गुडघ्याला काय लावलं होतं?’

‘ते काय, नुसतं जेल लावते. आणि बाम.’

हा दुसरा प्रश्न फोड दिसत होता म्हणून विचारला गेला. नुसते काळे-निळे डाग घेऊन बाई आल्या असत्या तर तो विचारला गेलाच असता, याची मला खात्री नाही. ‘औषधं कोणती घेता?’ या प्रश्नाला लोक तोंडाने घ्यायच्या गोळ्या मोजून दाखवतात. जेल, बाम, मलम, चिकटपट्टी हे कुणाच्याच हिशेबात नसतं. म्हणून ‘अंगाला काय लावता, कुठे लावता, दिवसातून किती वेळा?’ हे वेगळं विचारावं लागतं, आणि जमल्यास ट्यूब बरोबर आणायला सांगावी लागते.

आयएनआर ५.६ आला. हिमोग्लोबिन नेहमीसारखं, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारी तपासणी) आधीइतकंच. शौचाचा रंग काळा नव्हता, लघवीत रक्त नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, पडल्याचा इतिहास नव्हता. डॉक्टरांनी गुडघा विशेष काळजीने पाहिला, कारण रक्त इतकं पातळ असताना सांध्याच्या आतच रक्तस्राव होऊ शकतो. तसं झालं तर गुडघा थोड्या तासांत टणक फुगतो, वाकवता येत नाही आणि असह्य दुखतो. इथे सूज नव्हती, गुडघा पूर्वीइतकाच वाकत होता.

उपचार साधे होते. आधी सगळा लेप साबण-पाण्याने हलक्या हाताने धुऊन काढला. फोड फोडला नाही, त्यावर न चिकटणारी पट्टी लावली. भाजल्याबरोबर कळलं असतं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं गुडघा धरायला सांगितलं असतं, पण रात्र उलटून गेली होती. वॉरफरिनचे दोन डोस थांबवून दोन दिवसांनी पुन्हा आयएनआर करायचं ठरलं. आयएनआर १० च्या आत असेल आणि रक्तस्राव होत नसेल तर रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के सरसकट दिलं जात नाही. इथेही दिलं नाही.

दोष कोणाचा

फोडाचं उत्तर सोपं आहे. मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि कॅप्सेसिन असलेल्या मलमांनी क्वचित त्वचा गंभीर भाजते, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये दिला होता. त्यांच्याकडे आलेल्या नोंदींपैकी बहुतेकांत ३ टक्क्यांहून जास्त मेन्थॉल किंवा १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट होतं, आणि काहींना पहिल्याच वापरानंतर चोवीस तासांत त्रास झाला होता. इथे दोन्ही मर्यादा ओलांडलेल्या होत्या. वर बँडेजने हवा बंद केली आणि पिशवीने उष्णता दिली. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, बंद लेपाखाली त्वचेचा वरचा थर ओलसर होऊन जास्त झिरपू देतो. त्यामुळे त्वचेत शिरणारं औषध वाढतं आणि रक्तात जाणारंही.

मेन्थॉलचा थंडावा खरा नसतो, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरचा टीआरपीएम८ नावाचा ग्राहक (संवेदना टिपणारं प्रथिन) मेन्थॉलमुळे उद्दीपित होतो आणि मेंदूला गार वाटतं. त्वचेचं तापमान काही त्यामुळे उतरत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन अशाच प्रकारे टीआरपीव्ही१ या उष्णतेच्या ग्राहकाला चाळवतं. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेव्हा ‘जळजळतंय म्हणजे लागू पडतंय’ या समजुतीला आधार एवढाच की मज्जातंतूंचं लक्ष दुसरीकडे वळतं. सांध्यात औषध पोचल्याची ती पावती नाही.

आयएनआरचं उत्तर इतकं सरळ नाही. घरच्यांनी सगळा दोष जेलवर, त्यातही डायक्लोफेनॅकवर ढकलला. माझ्या मते यात सर्वांत कमी संशय घ्यावा तो डायक्लोफेनॅकवर. १ टक्का डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्याला दिवसातून चार वेळा ४-४ ग्रॅम लावलं, तरी रक्तात पोचणारं प्रमाण गोळीच्या (५० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा) सुमारे ६ टक्के भरतं. बाई तर त्याच्या कितीतरी कमी लावत होत्या.

मिथाइल सॅलिसिलेटची गोष्ट वेगळी. विंटरग्रीनचं तेल म्हणून ओळखलं जाणारं हे द्रव्य अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं. ते नुसत्या तेलाच्या रूपात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेलं तर त्यात अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मुलासाठी तेवढं प्राणघातक ठरू शकतं. त्वचेतून ते सगळं शोषलं जात नाही, पण शोषलं जातं हे नक्की, आणि मोठ्या भागावर वारंवार लावल्यास वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर चढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. इथे दोन गुडघे, कंबर, दोन खांदे एवढा पसारा होता.

आणि पॅरासिटामॉल? दिवसाला २ ग्रॅम, आठवडाभराहून जास्त. अधूनमधून एखादी गोळी घेतली तर वॉरफरिनवर फारसा परिणाम होत नाही, पण रोज २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त काही दिवस घेतल्यास आयएनआर वाढू शकतो. ‘ही गोळी चालते’ हे वाक्य बरोबर होतं. त्याला जोडून ‘सलग घ्यावी लागली तर कळवा, आयएनआर लवकर करू’ एवढं सांगायचं राहिलं. भरीला जेवण कमी झाल्याने पोटात जाणारं व्हिटॅमिन के घटलेलं, तेही आयएनआर वरच नेणार.

या तिघांत कोणाचा वाटा किती, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात एका दिशेने ढकलत होत्या, इतकं म्हणता येतं.

मुळात गुण का आला नाही

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तो चण्याएवढा ठिपका. बाईंनी जेल जास्त लावलं म्हणून हे सगळं झालं, असं वरवर वाटतं. घडलं ते उलट. जेल फार कमी लावलं, ते चाललं नाही, म्हणून त्यावर बाम आला, पट्टी आली, शेक आला.

अमेरिकेतल्या १ टक्का डायक्लोफेनॅक जेलच्या लेबलवर गुडघा, घोटा, पाऊल यांच्यासाठी एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, अशी मात्रा आहे. हात, मनगट, कोपर यांच्यासाठी २ ग्रॅम. सगळं मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर नाही. इतर काही देशांत २ ते ४ ग्रॅम, तीन-चार वेळा, असं सांगतात. (१.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन आणि १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियम ही ताकदीने एकच, त्यामुळे आकड्यावरून गोंधळायचं कारण नाही.) ४ ग्रॅम म्हणजे मोजपट्टीवर सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची जेलची रेघ. बाईंच्या एका गुडघ्याला दिवसभरात जेमतेम एक ग्रॅम मिळत होतं.

पण इथे एक मेख आहे. ही मात्रा नुसत्या डायक्लोफेनॅकच्या जेलची आहे. बाईंकडचं मिश्र जेल त्याच मापाने लावलं असतं तर एका गुडघ्यावर १६ ग्रॅम जेलबरोबर रोज १.६ ग्रॅम मिथाइल सॅलिसिलेटही गेलं असतं. म्हणजे मिश्र जेलमध्ये डायक्लोफेनॅकची पुरेशी मात्रा गाठायला जावं तर बाकीचे घटक डोईजड होतात, आणि ते आवरावेत तर डायक्लोफेनॅक अपुरं पडतं. मुरगळलेल्या घोट्याला दोन दिवस लावायला मिश्र जेल ठीक असेल. महिनोन्‌महिने झिजलेल्या गुडघ्यासाठी, त्यातून वॉरफरिन चालू असताना, ती निवड चुकीची होती.

अपेक्षेचाही प्रश्न आहे. झिजेच्या दुखण्यात जेलचा परिणाम जाणवायला सात दिवसही लागू शकतात. बाई तीन दिवसांत निराश झाल्या. आणि परिणाम झाला तरी किती? उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात जुनाट सांधेदुखीत डायक्लोफेनॅक लावणाऱ्या दहापैकी सुमारे सहा जणांना चांगला आराम पडला, पण औषधाविना नुसतं जेल लावणाऱ्यांतही दहापैकी पाच जणांना पडला. लचक, मुरगळणं अशा ताज्या दुखापतीत हाच फरक खूप मोठा दिसतो. तेव्हा जेल म्हणजे गुडघ्यावरचा रामबाण इलाज नाही. तरीही गुडघ्याच्या झिजेसाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत गोळीच्या आधी जेलला जागा दिली आहे, ती जोखीम कमी म्हणून. खुब्याचा सांधा मात्र इतका खोल असतो की तिथे वरून लावलेलं काही पोचेल अशी आशा धरू नये.

काय बदललं

बाम बंद. मिश्र जेल बंद. फोड भरून कातडी पूर्ण सांधेपर्यंत त्या गुडघ्याला काहीच लावायचं नाही, कारण तुटलेल्या त्वचेतून औषध सरळ आत जातं.

त्यानंतर डॉक्टरांनी नुसतं डायक्लोफेनॅकचं जेल सुरू करायला परवानगी दिली, पण मोजून, फक्त उजव्या गुडघ्याला, आणि आठवड्याने आयएनआर करण्याच्या बोलीवर. रक्तदाबाच्या गोळीतल्या दोन्ही घटकांबरोबर डायक्लोफेनॅकसारखं दाहशामक औषध पडलं की मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. जेलमधून तो धोका गोळीच्या तुलनेत फार कमी, तरी वयाकडे पाहून क्रिएटिनीनही त्याच वेळी करायचं ठरलं.

लावायची रीत प्रत्यक्ष करून दाखवली. एका पुठ्ठ्यावर ११ सेंटिमीटरची रेघ आखली, त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं. त्या रेघेवर जेल काढायचं, तिथून उचलून गुडघ्याच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना हलक्या हाताने पसरायचं. जोर लावून चोळायचं कारण नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग कपडा. तासभर त्यावर पाणी नको. नंतर हात धुवायचे. क्रेप बँडेज नाही, आणि जेल चालू असेल तितके दिवस त्या गुडघ्याला शेक नाही. बाईंना हेच सर्वांत जड गेलं. शेकाने त्यांना खरोखर बरं वाटतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी की डाव्या गुडघ्याला आणि कमरेला, जिथे काहीच लावलेलं नाही, तिथे कापडात गुंडाळलेल्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेक, तोही जागेपणी. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. दीर्घकाळात गुडघ्याला जेलपेक्षा त्यांचाच आधार जास्त.

तीन आठवडे सलग वापरूनही जेलशिवाय भागत नसेल तर परत दाखवायचं. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, एकाएकी टणक सुजला, पायावर भार देता येईना किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र जेलला हातही न लावता त्याच दिवशी यायचं.

रुग्ण दुसरा असता तर

बाईंच्या जागी दम्याचा रुग्ण असता, अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणारा, तर डायक्लोफेनॅकचं साधं जेलही विचारल्याशिवाय द्यायचं नव्हतं. गरोदर स्त्री असती तर विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांशिवाय नाहीच, आणि शेवटच्या तिमाहीत तर मुळीच नाही. उन्हात काम करणारा तरुण असता आणि हातात केटोप्रोफेनचं (हेही दाहशामकच) जेल असतं, तर लावलेला भाग वापराच्या काळात आणि नंतर दोन आठवडे उन्हापासून झाकायला सांगितलं असतं. केटोप्रोफेनने उन्हात त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ऑक्टोक्रिलीन असलेलं सनस्क्रीन लावणाऱ्यांत तो धोका आणखी वाढतो. घरात मांजर असेल तर आणखी एक गोष्ट. फ्लर्बिप्रोफेन या आणखी एका दाहशामकाच्या मलमाच्या संपर्कात आलेली मांजरं आजारी पडली आणि काही मेली, असा इशारा एफडीएने २०१५ मध्ये दिला होता. लावलेला गुडघा मांजराला चाटू देऊ नये, उघडी ट्यूबही पडू देऊ नये.

पाठपुरावा

दोन दिवसांनी आयएनआर ३.४ झाला, पुढच्या आठवड्यात २.६. वॉरफरिन जुन्याच मात्रेत परत सुरू. दंडावरचे डाग पिवळे पडत गेले. फोडाच्या जागी नवी कातडी आली, जरा काळसर. तिला ऊन लागू द्यायचं नाही, असं सांगितलं. नवीन जेल सुरू झाल्यावरच्या तपासणीत आयएनआर २.७ आणि क्रिएटिनीन जागच्या जागी. गुडघा, बाईंच्याच शब्दांत, ‘आहे तसाच, पण जिना चढवतो’.

त्या भेटीत त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी दुखत असल्याचं सांगितलं आणि तेच जेल तिथे लावू का, असं विचारलं. डॉक्टरांनी होकार दिला. मात्रा २ ग्रॅम, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या रेघेच्या निम्मी. फक्त हातावर लावल्यावर लगेच हात धुवायचे नाहीत, तासभर थांबायचं, आणि तेवढ्या वेळात डोळ्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला येताना त्या घरातल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून घेऊन आल्या. त्यातल्या दोघींची मुदत संपलेली होती, एकीवर लेबलच नव्हतं.